एनॅमल रंगावरील पारदर्शक लेप (वाहने)

एनॅमल रंगावरील पारदर्शक लेप म्हणजे मोटारगाडी, ट्रक, बस, ट्रॅक्टर इत्यादी वाहनांच्या एनॅमल रंगावर चढवला जाणारा रंगद्रव्यविरहित संरक्षक थर होय. रंगकामाच्या व्यवसायात त्यास ‘क्लिअर कोट’, ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ असे म्हणतात. रंगाची चकाकी वाढवणे, ऊन, पाऊस व घर्षणापासून त्याचे रक्षण करणे आणि हाताने काढलेली अक्षरे व नक्षी टिकवणे हे या लेपाचे प्रमुख हेतू आहेत.

प्रत्येक पारदर्शक लेप प्रत्येक एनॅमलवर बसत नाही. सर्वसाधारण एनॅमल हवेतील ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होते. ही क्रिया अपुरी असताना तीव्र द्रावक असलेला लेप वर दिल्यास खालचा रंग फुगतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि बऱ्याचदा पत्र्यापर्यंतचा सर्व रंग खरवडून काम नव्याने करावे लागते. या कामाचे यश लेपाच्या किमतीपेक्षा तीन बाबींवर अधिक अवलंबून असते : खालच्या रंगाचा प्रकार, तो पूर्णपणे घट्ट झाला आहे किंवा नाही, आणि कामाच्या दिवसाचे हवामान. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात उन्हाळा तीव्र आणि पावसाळा दमट असल्याने तिसऱ्या बाबीला विशेष महत्त्व येते.

## संज्ञा

‘एनॅमल’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. धातूवर काच वितळवून दिलेला मुलामा, दागिन्यांवरील मीनाकारी आणि दातांचे बाह्य आवरण यांनाही एनॅमल म्हणतात. प्रस्तुत विषयाशी त्यांचा संबंध नाही. रंगांच्या बाबतीत एनॅमल म्हणजे सुकल्यावर कठीण, गुळगुळीत व चकचकीत थर देणारा रंग. भारतीय बाजारात ‘सिंथेटिक एनॅमल’ या नावाने विकला जाणारा आणि बोलीभाषेत ‘ऑइल पेंट’ म्हणून ओळखला जाणारा रंग बहुधा अल्किड राळेवर आधारित असतो. वाहनांसाठी याखेरीज अ‍ॅक्रिलिक एनॅमल आणि हार्डनर मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन एनॅमलही मिळते.

एनॅमल हा मुळात ‘एकटप्पी’ रंग आहे. त्याच्या राळेतच चकाकी असते, त्यामुळे त्यावर दुसरा थर देणे अनिवार्य नसते. याउलट आधुनिक मोटारगाड्यांवर ‘बेस कोट’ हा चकाकी नसलेला रंगाचा पातळ थर आणि त्यावर ‘क्लिअर कोट’ अशी दोन टप्प्यांची रचना असते. तेथे क्लिअर कोट नसल्यास रंग निस्तेज दिसतो व लवकर खराब होतो. दोन्ही पद्धतींमधील हा फरक लक्षात न घेतल्याने एनॅमलवरही क्लिअर हवेच, असा गैरसमज आढळतो.

## इतिहास

मोटारगाड्यांच्या आरंभकाळात त्यांच्या सांगाड्यांवर घोडागाड्यांप्रमाणेच तेलरंग व वार्निशाचे अनेक हात दिले जात. प्रत्येक हात सुकण्यास बराच वेळ लागत असल्याने एका गाडीचे रंगकाम कित्येक आठवडे चाले. १९२३–२४ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर वापरले जाऊ लागले आणि हा काळ तासांवर आला. भारतात फवारून दिल्या जाणाऱ्या चकचकीत रंगकामाला अद्यापही ‘ड्यूको’ म्हटले जाते, ते या नावावरूनच.

१९२० च्या दशकात अल्किड राळेचा विकास झाला व त्यातून सिंथेटिक एनॅमल तयार झाले. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. आजचे बहुतेक दोन घटकांचे क्लिअर कोट त्यावरच आधारलेले आहेत. कारखान्यात बनणाऱ्या सर्वसामान्य मोटारींवर बेस कोट व क्लिअर कोट ही रचना प्रामुख्याने १९८० च्या दशकात रूढ झाली.

भारतातील आधुनिक रंगउद्योगाच्या वाढीत मुंबईचा मोठा वाटा आहे. १९२० मध्ये लोअर परळ येथे ‘गहागन पेंट्स अँड वार्निश’ ही कंपनी सुरू झाली; तीच पुढे ‘गुडलास नेरोलॅक’ व त्यानंतर ‘कन्साई नेरोलॅक’ या नावाने ओळखली गेली. १९४२ मध्ये मुंबईतच ‘एशियन पेंट्स’ची स्थापना झाली.

## लाख : पारदर्शक लेपाचे जुने रूप

इंग्रजी ‘लॅकर’ या शब्दाचे मूळ भारतीय भाषांतील ‘लाख’ व संस्कृत ‘लाक्षा’ या शब्दांपर्यंत जाते. लाख हा पळस, बोर, कुसुम इत्यादी झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा राळेसारखा स्राव आहे. फांद्यांवरून खरवडलेली लाख धुऊन लाखदाणा आणि तो वितळवून, गाळून चपडा लाख तयार करतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश लाकडी सामानावर पारदर्शक लेप म्हणून शतकानुशतके वापरले गेले आहे.

गोंदिया परिसरातील पळसाच्या रानांमुळे लाख हे येथील एक परंपरागत वनोत्पन्न आहे. आसपासच्या वनांतील गोंद व लाख येथे विक्रीस येत असे आणि त्यावरूनच ‘गोंदिया’ हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. अल्किड एनॅमलमध्ये वापरता येणारे जवसाचे तेल ज्या पिकापासून मिळते, ते जवसही पूर्व विदर्भात धानानंतरच्या रब्बी हंगामात घेतले जाते. म्हणजेच सुकणारे तेल आणि पारदर्शक राळ या रंगकामातील दोन्ही मूळ कल्पनांचा कच्चा माल या प्रदेशाच्या परिचयाचा आहे.

वाहनाच्या बाह्य भागासाठी मात्र चपडा लाखेचे पॉलिश निरुपयोगी ठरते. पाणी साचून राहिल्यास त्यावर पांढरे डाग पडतात, साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थांनी ते विरघळते आणि साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ होते. उन्हाळ्यात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे असा लेप टिकाव धरू शकत नाही.

## एनॅमल सुकण्याची प्रक्रिया

अल्किड एनॅमल दोन टप्प्यांत सुकते. पहिल्या टप्प्यात त्यातील मिनरल टर्पेंटाइनसारखा सौम्य द्रावक उडून जातो व रंग हाताला चिकटेनासा होतो. यास साधारणतः २ ते ४ तास लागतात. दुसऱ्या टप्प्यात राळेतील तेलाचा भाग हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते. ही क्रिया जलद व्हावी म्हणून रंगात कोबाल्ट, झिर्कोनियम इत्यादी धातूंची संयुगे ‘ड्रायर’ म्हणून मिसळलेली असतात. एका रात्रीत रंग कडक वाटू लागला, तरी आतील जाळे पूर्ण होण्यास काही आठवडे लागतात. थर जाड असल्यास किंवा हवा थंड व दमट असल्यास हा काळ आणखी वाढतो.

या दोन अवस्थांच्या मधला काळ धोक्याचा असतो. पहिल्या काही तासांत रंग सर्वत्र सारखाच मऊ असतो व नवा हात त्यात मिसळून जातो. पूर्ण घट्ट झालेला रंग द्रावकाला दाद देत नाही. मधल्या काळात मात्र वरचा पापुद्रा घट्ट आणि आतला भाग अर्धवट जुळलेला असतो. झायलीन, टोल्यूइन, कीटोन किंवा एस्टर असलेले थिनर त्यात शिरल्यावर थर फुगतो. पसरायला जागा नसल्याने तो पृष्ठभागावरून उचलला जातो व त्यावर सुरकुत्यांचे जाळे उमटते. यालाच रंग ‘उचलणे’ किंवा ‘फाटणे’ म्हणतात.

## पारदर्शक लेपांचे प्रकार आणि सुसंगती

रंगकामात दीर्घकाळ पाळला जाणारा नियम असा की, लॅकरवर एनॅमल देता येते, पण एनॅमलवर लॅकर देऊ नये. एनॅमलचे द्रावक सौम्य असल्याने ते खालच्या लॅकरला सहसा इजा करत नाहीत. लॅकरचे थिनर मात्र खालच्या एनॅमलला फुगवते. प्रमुख लेपांची स्थिती पुढीलप्रमाणे आहे :

* अल्किड किंवा तेलवार्निश : हे एनॅमलच्याच कुळातील असल्याने रंग उचलला जाण्याचा धोका कमी असतो व ते ब्रशनेही देता येते. मात्र काळानुसार ते पिवळसर पडते. पांढऱ्या, फिकट निळ्या व करड्या रंगांवर हा पिवळेपणा ठळकपणे दिसतो. उघड्यावर त्याचे आयुष्यही मर्यादित असते.
* नायट्रोसेल्युलोज क्लिअर : लवकर सुकते, पण त्याचे थिनर तीव्र असते. ताज्या एनॅमलवर ते सर्वाधिक घातक ठरते. ते ठिसूळ असून उन्हात तडकते आणि दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते.
* एका घटकाचे अ‍ॅक्रिलिक क्लिअर : स्प्रे कॅनमध्ये मिळणारे बरेचसे क्लिअर या प्रकारचे असते. त्यातील द्रावकही तीव्र असतात. पेट्रोल सांडल्यास हा लेप मऊ होऊ शकतो, म्हणून इंधनटाकीच्या झाकणाभोवती तो टिकत नाही.
* दोन घटकांचे पॉलियुरेथेन क्लिअर : राळ व हार्डनर ठरावीक प्रमाणात मिसळून वापरले जाते. ऊन, पेट्रोल व ओरखडे यांना ते उत्तम तोंड देते. पूर्ण घट्ट झालेल्या, घासून खडबडीत केलेल्या एनॅमलवर किंवा हार्डनरयुक्त एनॅमलवर ते वापरता येते. अर्धवट सुकलेल्या अल्किडवर नाही.

वाहन जुने असून त्यावरील रंगाचा प्रकार माहीत नसेल, तर थिनरची चाचणी घेतली जाते. नजरेआड असलेल्या जागी, उदाहरणार्थ दाराच्या आतील कडेला, वापरायच्या क्लिअरच्या थिनरने भिजवलेले फडके काही मिनिटे दाबून धरतात. रंग फडक्याला लागला, मऊ झाला किंवा सुरकुतला, तर तो लॅकर आहे किंवा एनॅमल पुरेसे घट्ट झालेले नाही, असा निष्कर्ष निघतो. रंग जसाच्या तसा राहिला, तरी तेथेच क्लिअरचा छोटा नमुना देऊन तो सुकेपर्यंत वाट पाहणे अधिक सुरक्षित मानले जाते.

## कार्यपद्धती

लेप देण्यासाठी दोन वेळा योग्य मानल्या जातात. पहिली म्हणजे रंगाचा शेवटचा हात दिल्यानंतर, उत्पादकाने सांगितलेल्या तासांच्या आत. ही मुभा केवळ एकाच प्रणालीतील रंग व क्लिअरला लागू होते. दुसरी म्हणजे रंग पूर्ण घट्ट झाल्यानंतर, काही आठवड्यांनी. डब्यावरील किंवा तांत्रिक माहितीपत्रकातील मुदत ही प्रयोगशाळेतील तापमान व आर्द्रतेसाठी असते, त्यामुळे प्रत्यक्ष हवामानानुसार ती वाढवावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत काम पुढील क्रमाने होते. प्रथम गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवतात व मेण, ग्रीस आणि सिलिकॉन पॉलिशचे अंश मेण काढण्याच्या द्रावणाने पुसून काढतात. हे पुसणे घासण्याच्या आधी होणे आवश्यक असते. अन्यथा तेलकटपणा ओरखड्यांत रुतून बसतो. त्यानंतर ८०० ते १,००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाणी वापरून पृष्ठभाग एकसारखा निस्तेज होईपर्यंत घासतात. चकचकीत एनॅमलवर क्लिअरला पकड मिळत नसल्याने एकही चकाकणारा ठिपका राहू देत नाहीत. कडांवर व उंचवट्यांवर रंग पातळ असतो, म्हणून तेथे हलक्या हाताने काम केले जाते. रंग घासला जाऊन प्रायमर किंवा पत्रा दिसू लागल्यास तेथे पुन्हा रंग द्यावा लागतो आणि त्याच्या सुकण्याचा काळ नव्याने मोजावा लागतो.

काचा, रबर, दिवे, नोंदणी क्रमांकाच्या पाट्या व परावर्तक पट्ट्या मास्किंग टेप व कागदाने झाकल्यावर चिकट फडक्याने धूळ टिपली जाते. पहिला हात पातळ दिला जातो, जेणेकरून कमीत कमी द्रावक खालच्या रंगात शिरेल. तो किंचित चिकट अवस्थेत आल्यावर एक किंवा दोन भरीव हात दिले जातात. कारखान्यातील गाडीवर क्लिअर कोटची जाडी साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन असते. म्हणजे तो मानवी केसापेक्षाही पातळ असतो. एकाच वेळी जाड हात दिल्यास ओघळ येतात व द्रावक आत अडकून राहतो.

मालवाहू वाहनांच्या फाळक्यांवर हाताने काढलेली अक्षरे, फुले व वेलबुट्टी हे एनॅमलवरील पारदर्शक लेपाचे सर्वांत अर्थपूर्ण क्षेत्र आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये व्यापारी वाहनांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली. तरी मालकाचे नाव, गावाचे नाव व देवतांची नावे रंगवण्याची प्रथा सुरू आहे. अशा अक्षरांचा रंग ब्रशने दिलेला असल्याने तो फवारलेल्या रंगापेक्षा जाड असतो व उशिरा घट्ट होतो. सभोवतालचा जुना रंग क्लिअर सहन करतो, पण नुकतीच काढलेली अक्षरे मात्र सुरकुततात, असा अनुभव त्यामुळेच येतो. अक्षरांना पुरेसा काळ देणे किंवा त्यांच्या रंगात सुसंगत हार्डनर मिसळणे हे यावरील उपाय आहेत.

## हवामानाचा प्रभाव : गोंदिया जिल्हा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके आहेत. मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमेवरील या जिल्ह्यातून जुना राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आताचा महामार्ग ५३, कोहमारा व देवरीमार्गे छत्तीसगडकडे जातो. धान हे येथील मुख्य पीक असून गोंदिया शहर भात गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्यात नोंदणी झालेल्या वाहनांचा क्रमांक ‘एमएच ३५’ने सुरू होतो.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या काळात हवेतील आर्द्रता उच्च राहते. रंगकामात सर्वसाधारणपणे सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, असा दंडक पाळतात. पावसाळ्यातील सकाळी या दोन्ही अटी सहसा पूर्ण होत नाहीत. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते व लेप पांढुरका दिसतो. पॉलियुरेथेनच्या हार्डनरची पाण्याशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि लेपात सूक्ष्म बुडबुडे राहतात. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठणारे पाणी रोज काढून न टाकल्यास तेही स्प्रे गनमधून थेट लेपात जाते.

उन्हाळ्याची अडचण उलट स्वरूपाची आहे. मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि उन्हातील पत्रा त्याहून खूपच तापतो. अशा पत्र्यावर लेपाचा वरचा भाग क्षणात सुकतो, आतला द्रावक नंतर पृष्ठभाग फोडून बाहेर पडतो व टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. म्हणून या दिवसांत सावलीत, सकाळी लवकर आणि सावकाश उडणारे थिनर वापरून काम केले जाते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरड्या हवेमुळे सर्वांत अनुकूल ठरतो. मात्र रात्रीच्या थंडीने एनॅमल घट्ट होण्याची गती मंदावते व पहाटे दव पडते. त्याच सुमारास धानाची कापणी, मळणी व भरडाई जोरात असते. हवेत कोंडा व धूळ असते आणि ट्रॅक्टर व ट्रक यांना सर्वाधिक काम असते. रंगासाठी योग्य ऋतू आणि वाहन कमाईवर असण्याचा ऋतू एकच असल्याने गाडी काही आठवडे अडकवून ठेवणे मालकाला परवडत नाही. दसऱ्याला वाहनाची पूजा करण्याची प्रथा असल्याने त्याआधी गाडी चकचकीत करून घेण्याकडेही कल असतो, आणि तो काळ पावसाळ्याच्या अखेरच्या दमट दिवसांचा असतो. एनॅमल दिल्यावर दोन-चार दिवसांतच क्लिअर चढवण्याची घाई यातून होते, आणि तोच नेमका रंग उचलला जाण्याचा काळ असतो. तातडी असल्यास साध्या एनॅमलवर क्लिअर न देता गाडी वापरात आणणे, किंवा आरंभापासूनच हार्डनरयुक्त रंगप्रणाली निवडणे, हे दोन पर्याय कमी जोखमीचे ठरतात.

## सामान्य दोष व कारणे

* सुरकुत्या : खालचे एनॅमल अर्धवट घट्ट असणे किंवा थिनर अतितीव्र असणे. ते दिसल्यावर आणखी लेप देऊन दोष झाकला जात नाही. थर पूर्ण सुकू देऊन बाधित भाग खरवडावा लागतो.
* पापुद्रे सुटणे : पृष्ठभाग न घासणे, मेणाचा अंश राहणे किंवा उन्हाने खालचा रंग भुकटी होणे. पारदर्शक लेपातून अतिनील किरण आरपार जातात; क्लिअरमध्ये ते शोषून घेणारी द्रव्ये नसल्यास एनॅमलचा वरचा भाग खराब होतो व क्लिअरची पकड सुटते. लेप अतिपातळ असल्यासही हेच घडते.
* माशाच्या डोळ्यासारखे खळगे : सिलिकॉन, तेल किंवा ग्रीसचे कण.
* संत्र्याच्या सालीसारखा पोत : थिनर कमी, हवेचा दाब अयोग्य किंवा गन पृष्ठभागापासून दूर असणे.
* ओघळ : एका जागी अधिक लेप किंवा हाताची गती मंद असणे.
* पिवळेपणा : तेलवार्निश किंवा हलक्या दर्जाची राळ.

ओघळ, धूळकण व खडबडीतपणा लेप घट्ट झाल्यावर १,५०० ते २,००० क्रमांकाच्या पेपरने घासून व रबिंग कंपाउंडने पॉलिश करून घालवता येतात. सुरकुत्या व पापुद्रे यांवर असा वरवरचा उपाय नाही.

## आरोग्य व सुरक्षितता

पॉलियुरेथेन क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. फवारणीचे तुषार श्वासावाटे गेल्यास व्यावसायिक दमा होऊ शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले, की त्यानंतर अत्यल्प मात्राही दम्याचा तीव्र झटका आणू शकते आणि अशा रंगाऱ्याला हे काम कायमचे सोडावे लागण्याची वेळ येते. घातक पातळीवरही आयसोसायनेटचा वास जाणवेलच असे नाही, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे समजता येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क यांपासून संरक्षण मिळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे, डोळ्यांचे संरक्षण आणि हवा खेचून घेणारी फवारणीची स्वतंत्र खोली ही योग्य साधने होत. बंद शेडमध्ये गन थांबल्यानंतरही तुषार काही काळ तरंगत राहतात, म्हणून मदतनीस व शेजारी काम करणारे यांनाही धोका असतो.

जुने पिवळे, नारिंगी व लाल एनॅमल घासताना शिशाचा धोका उद्भवतो, कारण या छटांसाठी लेड क्रोमेट हे रंगद्रव्य वापरले जात असे. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा ९० भाग प्रति दशलक्ष ठरवणारे नियम २०१६ मध्ये करण्यात आले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. वाहनांसाठीचे औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जुना रंग कोरडा न घासता पाण्याने घासणे, गाळ उघड्यावर न टाकणे आणि कामाचे कपडे घरी न नेणे या दक्षता आवश्यक ठरतात. मुलांच्या शरीरावर शिशाचे परिणाम अधिक गंभीर असल्याने त्यांना कामाच्या जागेपासून दूर ठेवणे महत्त्वाचे असते.

थिनरची वाफ ज्वलनशील असते. तेलरंग किंवा जवस तेलाने भिजलेले बोळे ढिगात ठेवल्यास ऑक्सिडीकरणाच्या उष्णतेने आपोआप पेटू शकतात. ते पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवतात.

## कायदेशीर बाबी

वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदल करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे रंग बदलायचा असल्यास परिवहन कार्यालयाकडे तशी नोंद करून घ्यावी लागते. पारदर्शक लेपाने मूळ रंग बदलत नाही. मात्र परावर्तक पट्ट्या, दिवे व नोंदणी क्रमांकाच्या पाट्या यांवर लेप बसल्यास त्यांची दृश्यता घटते, म्हणून त्या झाकूनच काम केले जाते.

## देखभाल व उपयुक्तता

नव्या लेपावर पहिले काही आठवडे मेण लावत नाहीत, जेणेकरून उरलेला द्रावक बाहेर पडू शकेल. पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक व चिखल लवकर धुऊन काढल्यास डाग खोलवर जात नाहीत.

एनॅमलवर क्लिअर देण्याचा एक तोटा दुरुस्तीच्या वेळी जाणवतो. एकट्या एनॅमलवर ओरखडा पडल्यास त्याच डब्यातील रंग ब्रशने लावून काम भागते. क्लिअर दिलेल्या पृष्ठभागावर मात्र बहुधा संपूर्ण भाग घासून रंग व क्लिअर दोन्ही नव्याने द्यावे लागतात. शेतीकामाचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या व मालवाहू वाहने यांना ओरखडे नित्याचेच असल्याने त्यांच्यासाठी चांगल्या प्रायमरवर दिलेले साधे एनॅमल पुष्कळदा अधिक व्यवहार्य ठरते. जतन केलेल्या जुन्या मोटारी, कमी वापराच्या खासगी गाड्या आणि हस्तकलेची अक्षरे असलेले भाग यांच्या बाबतीत पारदर्शक लेपाचा लाभ खर्चाच्या तुलनेत अधिक असतो.